क्रौंच पक्ष्यांच्या प्रजनन केंद्रात पक्षिपालकाचं काम कसं असतं? पक्ष्यांशी मैत्री होते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. मैत्री होत नाही. झालीच, तर पालकाचं काही चुकलं असं आमच्याकडे समजतात.

मी एका क्रौंच प्रजनन केंद्रात पक्षिपालक आहे. तिथे वाढवलेली काही पिल्लं पुढे पाणथळ जागी मोकळी सोडली जातात. (क्रौंच म्हणजे इंग्रजीतला ‘क्रेन’, बगळा नव्हे. बगळा मान आखडून उडतो, क्रौंच मान सरळ पुढे ताणून.)

अंड्यातून बाहेर आलेलं क्रौंचाचं पिल्लू पहिल्या काही दिवसांत ज्याच्या मागे चालतं, त्यालाच ‘आपलं माणूस’ मानतं. आमची सगळी धडपड असते ती हे ‘माणूस’ शब्दशः खरं होऊ नये म्हणून. टेक्स नावाची हूपिंग क्रेन (उत्तर अमेरिकेतल्या एका दुर्मिळ क्रौंच जातीची) मादी १९६७ साली प्राणिसंग्रहालयात जन्मली आणि माणसांच्या हातावर वाढली. मोठी झाल्यावर ती नर क्रौंचाकडे ढुंकूनही बघेना. इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशनचे सहसंस्थापक जॉर्ज आर्चिबाल्ड यांनी १९७६ पासून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये तिच्याशेजारी अक्षरशः मुक्काम ठोकला आणि नर क्रौंचासारखे तिच्याबरोबर नाचले, तेव्हा कुठे ती अंडी घालू लागली. कृत्रिम रेतनाच्या मदतीनं १९८२ मध्ये एक पिल्लू मिळालं. एकच. लोक ही गोष्ट प्रेमकथेसारखी सांगतात. आम्हा पालकांना तिच्यात दिसतं ते हे, की सुरुवातीच्या दिवसांतला माणसाचा लळा किती महागात पडतो.

तो लळा दुसऱ्या पक्ष्याचा लागला तरी घोळ होतो. १९७५ पासून अमेरिकेतल्याच आयडाहोमधल्या ग्रेज लेक इथे हूपिंग क्रेनची अंडी सँडहिल क्रेन या दुसऱ्या क्रौंच जातीच्या घरट्यांत ठेवून बघितली. दत्तक आईबापांनी पिल्लं नीट वाढवली, स्थलांतरही शिकवलं. पण मोठी झाल्यावर त्या पक्ष्यांनी आपल्या जातीत जोड्याच जमवल्या नाहीत.

म्हणून १९८० च्या दशकात वेषाची पद्धत आली. अंगभर पांढरा सैल झगा, तोंड झाकणारी टोपी, आणि एका हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली. पिल्लाला दिसायला हवी फक्त ती बाहुली. तिच्या चोचीनं अळी उचलायची आणि पिल्लासमोर धरायची. चोच पाण्यात बुडवून वर काढायची, की ओघळणारा थेंब टिपताना पिल्लू प्यायला शिकतं. आईचा घशातल्या घशातला घरघर आवाज छोट्या स्पीकरवर चालू असतो. आपण बोलायचं नाही, खोकायचं नाही, शिंकसुद्धा दाबायची. उन्हाळ्यात झग्याच्या आत घामाच्या धारा लागतात आणि नाकावर माशी बसली तरी हात वर नेता येत नाही.

पहिल्या वर्षी माझा पाय चिखलात सटकला आणि तोंडातून ‘आई गं!’ निघालं. बाहुली जागच्या जागी होती, तरी बारा दिवसांच्या त्या पिल्लानं मान वर करून थेट माझ्या टोपीकडे बघितलं. कितीतरी वेळ बघत राहिलं. त्या संध्याकाळी मला ते रजिस्टरमध्ये लिहावं लागलं. तारीख, वेळ, पिल्लाचा क्रमांक, ‘पालक बोलली’. कुणी रागावलं नाही, पण ते दोन शब्द लिहिताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेषानं सगळं साधतं असंही नाही. २००१ ते २०१५ या काळात अशाच पिल्लांना छोट्या विमानामागे उडवत विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला नेलं जायचं. पक्षी वाट शिकले, परतही आले, पण अंडी उबवणं आणि पिल्लं जगवणं यात ते कच्चे निघाले. घरटी सोडून उठण्यामागे चावऱ्या काळ्या माशांचा त्रास हेही एक कारण होतं. तरी खऱ्या आईबापांनी जे शिकवलं असतं ते झग्यातल्या बाईला शिकवता येत नाही, हे मला आता पटलंय. हल्ली जमेल तिथे पिल्लू क्रौंचांच्या जोडीकडेच वाढायला देतात आणि पालक कुंपणाबाहेर थांबतो. माझ्या मते तेच बरं. झगा घालायला मला आवडतो, तरीही.

आता रोजचं काम. त्यातलं निम्मं म्हणजे सफाई. पाण्याची भांडी घासणं, गोळी खाद्य बदलणं, विष्ठा उचलणं आणि उचलताना ती बघणं, कारण आजाराची पहिली खूण बऱ्याचदा तिथेच दिसते. एका आवारातून दुसऱ्यात जाताना दर वेळी बूट जंतुनाशकात बुडवायचे. मग जमीन शोधायची. क्रौंचांना चकचकीत वस्तूंचा भारी सोस. खिळा, स्क्रू, तारेचा तुकडा, दिसेल ते गिळतात. जस्ताचा मुलामा असलेली तार पोटात गेली तर विषबाधा होते, टोकदार असेल तर पोट फाडते. कुंपणाची दुरुस्ती झाली की आम्ही लोहचुंबक घेऊन गवतात ओणवे फिरतो. मोजून दिलेले खिळे मोजून परत घेतो. एकदा एक कमी भरला. तो सापडेपर्यंत तिघी जेवल्या नाहीत, आणि सापडला तो कामगाराच्या खिशात.

विणीचा हंगाम आला की नर वेगळाच होतो. एरवी लांब राहणारा पक्षी अंगावर येतो. नवख्या माणसाला वाटतं, हा शांतपणे पाठीवरची पिसं साफ करतोय. ती धमकी असते. डोक्यावरची लाल कातडी पसरली, पावलं आपटत यायला लागला, की पुढची उडी तुमच्यावरच. आतल्या बोटाची नखी चांगलीच धारदार असते आणि चोच डोळ्यांच्या रोखानं येते. म्हणून गॉगल आणि हातात खराटा. मारायला नव्हे, मध्ये धरायला. पाठ दाखवून पळायचं नाही.

पकडायची वेळ आली तर दोघी लागतात. पंख मिटून पक्षी काखेत घ्यायचा, तोंड आपल्या मागच्या बाजूला, आणि दुसऱ्या हातात पाय. ते पाय काडीसारखे असतात. घाई केली तर मोडतात, फार वेळ धरून ठेवलं तर ताणानं स्नायू निकामी होतात. पकडण्याची वेळच कमीत कमी येऊ देणं ही खरी हुशारी.

अंड्यांचं काम मला सगळ्यात प्रिय. बहुतेक जाती एका खेपेला दोन अंडी घालतात. ती काढून घेतली तर जोडी बऱ्याचदा पुन्हा घालते, त्यामुळे एका हंगामात जास्त पिल्लं मिळवता येतात. काढलेल्या अंड्याच्या जागी कधी खोटं अंडं ठेवतो आणि जोडी ते इमानेइतबारे उबवत बसते. इन्क्युबेटरमध्ये महिनाभर अंडं फिरवायचं, उजेडासमोर धरून आतल्या रक्तवाहिन्या बघायच्या, वजन करायचं. वजन ठरल्या गतीनं घटायला हवं. कमी घटलं तर आत ओलावा साचतो, जास्त घटलं तर पिल्लू सुकतं. कवचाला पहिला टवका गेल्यावर पिल्लू बाहेर यायला दीड-दोन दिवसही घेतं. तेव्हा मदत करायला हात शिवशिवतात आणि ते मागे बांधून उभं राहावं लागतं.

दोन पिल्लं एकत्र ठेवली तर मोठं धाकट्याला टोचून मारूही शकतं. म्हणून ती जाळीच्या अल्याड-पल्याड, एकमेकांना दिसतील अशी राहतात. रोज सकाळी वजन. इथे लोकांना आश्चर्य वाटतं, पण पिल्लू फार लवकर वजनदार झालं तर आम्हाला धडकी भरते. पाय झपाट्यानं लांब होत असतात, त्यांच्यावर भार वाढला की ते वाकतात किंवा पिळवटतात. मग खाद्यातली प्रथिनं बेतानं द्यायची, बाहुली पुढे धरून मैलभर चालवायचं, टाकीत पोहवायचं. बाळसं धरलं म्हणून खूश होणारी आपली सवय इथे मोडावी लागते.

जोड्या कशा लावतात? वंशावळीच्या नोंदी बघून. १९४१ मध्ये हूपिंग क्रेन जेमतेम २०-२२ उरले होते, आजचे सगळे त्या मूठभरांचे वंशज. त्यामुळे कुणाचं कुणाशी, हे कागदावर ठरतं. पक्ष्यांना अर्थातच कागद मान्य नसतो. शेजारशेजारच्या आवारात त्यांना आठवडेच्या आठवडे ठेवायचं आणि वाट बघायची. दोघं मान वर करून एकत्र ओरडायला लागले, नराच्या एका हाकेला मादी दोन हाका देऊ लागली, की समजायचं, जमतंय. जमलंच नाही तर वंशावळीतला उत्तम स्थळाचा बेत गुंडाळून ठेवायचा.

शिक्षणाचं म्हणाल तर प्राणिशास्त्र किंवा पशुवैद्यकाची पदवी असेल तर उपयोग होतो. पण उमेदवार निवडताना मी वेगळंच बघते. आडोशामागे बसून चार तास एकाच जोडीच्या हालचाली, दर पाच मिनिटांनी एक नोंद, काहीच घडत नसताना लिहिता येतात का? बरेच जण दुसऱ्या तासाला फोन काढतात. आणि अर्जात ‘मला पक्ष्यांची खूप आवड आहे’ हे वाक्य पहिल्या ओळीत नको. कोंबड्या, गाई, कुत्री, काहीही रोज, आजारपणात, सणासुदीला न चुकता सांभाळलं असेल, तर ते लिहा.