कारखान्याचा पट्टा पडायच्या आत

मिरज

चि.,
अनेक आशीर्वाद.

थीसिसच्या विषयांची यादी मिळाली. गर्भाशयमुखाचे फोटो मोबाईलवर काढून एआयकडून वाचून घ्यायचे, हा तुझा आवडता दिसतोय. सध्या जो तो त्याच्याच मागे आहे. तू त्या गर्दीत जाऊ नयेस, असं मला वाटतं.

2022 मध्ये जगात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने साडेतीन लाखांच्या आसपास बायका गेल्या. त्यातल्या शंभरातल्या चौऱ्याण्णव गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. म्हणून संशोधन आता कमी खर्चाच्या वाटेने चाललंय: पेशी तपासणाऱ्या पॅप स्मिअरऐवजी एचपीव्ही टेस्ट (एचपीव्ही म्हणजे हा कॅन्सर करणारा विषाणू), बाईने स्वतःच घेतलेला नमुना, एचपीव्ही लसीचे तीनऐवजी एक डोस.

हे एका डोसचं प्रकरण मुळातून वाच. दोन डोस पुरेत की तीनच हवेत, हे बघायला 2009 मध्ये आपल्याकडे चाचणी सुरू झाली. 2010 मध्ये सरकारने एचपीव्ही लसीच्या चाचण्या थांबवल्या आणि सुमारे पाच हजार मुली एकाच डोसवर राहिल्या. ही चाचणी करणाऱ्या डॉ. शंकरनारायणन यांच्या गटाने त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कळलं की एचपीव्हीच्या 16 आणि 18 या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गाला एक डोसही जवळपास तितकाच रोखतो. 2022 अखेर जागतिक आरोग्य संघटनेने एक डोस चालेल म्हटलं, त्यात या मुलींचा वाटा मोठा. योगायोग खराच, पण नोंदी धड नसत्या तर त्याचा काय उपयोग?

उस्मानाबादचा 2009 चा पेपरही काढ. एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने मृत्यू निम्म्यावर आले. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नाही म्हणून टीकाही झाली. एथिक्स कमिटी त्यावरून छेडणार, तयारीत राहा.

आता तुझा विषय. दिवाळीच्या सुमारास वाळवा-कराडकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. त्यातल्या बायकांची एचपीव्ही टेस्ट केली, तर रिपोर्ट येईतो टोळी दुसऱ्या फडावर, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की थेट बीडला. पॉझिटिव्ह आलेल्या किती जणींवर त्याआधी उपचार झाले आणि बाकीच्या नेमक्या कुठे गळाल्या, एवढंच शोध.

कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपड्यांवर, सकाळी जाऊ नकोस, पहाटेच सगळे फडात असतात. मुकादमाचा नंबर घे, पण रिपोर्ट त्याच्या फोनवर कळवायचा नाही. गावाकडच्या आशाताईंचा नंबर पहिल्याच दिवशी लिहून घे. अंगावरून जातंय म्हणून आलेली बाई तुझ्या स्क्रीनिंगच्या आकड्यात धरू नकोस. तिला त्याच दिवशी तपासणीला पाठव.

गाईड ठरले की कळव. आणि नमुना किती दिवस टिकतो, ते लॅबला आधी विचारून ठेव.