डीजेनंतर कान वाजतोय, कापूस घालून बसू का?

भावा, विसर्जनाच्या मिरवणुकीत तीन तास डीजेपुढं होतास, तेव्हापासून दीड महिना डाव्या कानात किर्र चालू आहे आणि आता घरात ताटली आपटली तरी डोक्यात कळ जाते, म्हणून तू कानात कापूस कोंबून खोलीत बसतोस. पहिलं काम, तो कापूस काढ. मी हीच चूक आठ महिने केली.

मी सांगलीचा, पण वीस वर्षं विट्याला यंत्रमागावर गेली. त्या खटखटीत शेजारच्याला खुणेनंच बोलावं लागायचं, कानात काही घालायचं असतं हे कुणाला माहीतच नव्हतं. पंचेचाळिशीत उजव्या-डाव्या दोन्ही कानांत रातकिडे सुरू झाले. मग कापूस घातला, पंखासुद्धा बंद करून झोपायचो, तर किर्र दुप्पट वाढली आणि कुकरची शिट्टी झाली की मी बायकोवर ओरडायचो. बिचारीनं डाळ पातेल्यात शिजवायला घेतली.

पुढं मिरजेत एका ऑडिओलॉजिस्ट (ऐकू येणं तपासणाऱ्या) ताईंनी सोपं करून सांगितलं. मोठ्या आवाजानं आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात, त्या परत येत नाहीत. तिकडून सिग्नल कमी आला की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो, जसं रेडिओ नीट लागेना म्हणून आपण बटण पिळतो आणि खरखरच मोठी होते. कान बंद केलास की मेंदू ते बटण अजून पिळतो. प्लग घालायचा तो मिरवणुकीत, ड्रिल मशीनपाशी, घरात नाही.

पण आधी तपासणी. तुझ्या साताऱ्यात सिव्हिलला कान-नाक-घसा विभागात दाखव नाहीतर मिरजेला ये, आणि ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची चाचणी, करायला सांगच. माझ्या ग्राफला ४००० हर्ट्झला खड्डा होता, आवाजानं गेलेल्या कानाचा तो नेहमीचा नमुना. तुझा एकाच कानात आहे म्हणून डॉक्टर कदाचित एमआरआय सांगतील, घाबरू नकोस, कानाच्या नसेवर गाठ नाही ना एवढं बघतात आणि बहुतेकांना काही निघत नाही. आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल तर ते आवर्जून सांग. आणि कधी अचानक एका कानानं ऐकूच येईना झालं तर उद्यावर ढकलायचं नाही, त्यात स्टेरॉइड पहिल्या दिवसांतच लागतात.

औषधाचं म्हणशील तर किर्र बंद करणारी गोळी अजून तरी नाही. मी गिंको नावाचं झाडपाल्याचं औषध घेतलं, कुणीतरी सांगितलं म्हणून कोमट तेलही घातलं, पैसे गेले आणि वर बुरशी झाली ती वेगळीच. एका ठिकाणी तर डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "सवय करून घ्या." सवय होते हे खरंय, पण कशी ते कुणीतरी सांगायला नको?

मला काय उपयोगी पडलं सांगतो. कानाची मशीन लावली, कारण ऐकूच कमी येत होतं, बाहेरचे आवाज आत आले तशी किर्र मागं पडली. रात्री मोबाईलवर तानपुरा, एकदम बारीक, किर्र त्याच्या आडून थोडी ऐकू येईल इतकाच, पूर्ण झाकायची नाही. मिरजेच्या तंतुवाद्यवाल्या गल्लीजवळ राहून हे इतक्या उशिरा सुचलं याचं हसू येतं. पंखा, पावसाचा आवाज, काहीही चालतं. भांड्यांच्या आवाजासाठी ताईंनी रोज थोडं थोडं वाढवायला लावलं, आधी मी स्वतः चमचे धुवायचो (आपल्या हातानं झालेला आवाज कमी लागतो), मग ताटं, मग शनिवारचा बाजार. चारेक महिने गेले, मधे दोनदा बिघडलंही.

झोपेचं आणि भीतीचं मात्र अंगावर काढू नकोस. सीबीटी म्हणून समुपदेशन असतं, त्यानं आवाज जात नाही पण त्याचा त्रास कमी होतो. रात्री नको ते विचार यायला लागले तर टेलीमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीतून बोलतात.

कुकर आता परत शिट्टीवर आहे. तुझी ऑडिओमेट्री झाली की डाव्या कानाचे आकडे सांग, आणि आज रात्री पंखा चालू ठेवून झोप.