मांजराची साखर उतरून फिट आली, आता घरी आणलंय. इन्सुलिन पहिल्यासारखंच देऊ का? आणि भात-मासे चालतील का? (रत्नागिरी)

जुनाच डोस परत चालू करू नका, फिटनंतर तो बहुतेक वेळा कमीच करावा लागतो आणि नवीन आकडा डॉक्टरांकडूनच घ्या. मासे चालतील, भात सोडवा. आमची मनी इन्सुलिनवरच आहे म्हणून सांगतो, आधी सिरिंज बघा. मेडिकलवाला कधी लाल टोपीची ४० युनिटवाली देतो कधी केशरी १०० वाली, आणि १०० चं (एका मिलीत १०० युनिटवालं) इन्सुलिन ४० च्या सिरिंजने भरलंत तर अडीचपट जातं, फिट यायला तेवढं पुरतं. दर १२ तासांनी, आधी खाणं मग सुई, खाल्लं नाही तर सुई थांबवून डॉक्टरांना फोन. बांगडा नुसता उकडून, काटे काढून, बिनमिठाचा. सुकट नको, आणि कच्चा मासा तर नकोच. फक्त मासेच रोज पुरत नाहीत, चिकन किंवा कमी कार्बचं ओलं कॅटफूड पण द्या. फक्त भात एकदम तोडू नका हां, भात गेला की साखर आपोआप उतरते आणि तोच डोस जास्त होतो, तेव्हा डॉक्टरांना सांगून हळूहळू. लटपटायला लागलं तर हिरड्यांना मध चोळा आणि लगेच दवाखाना.