शिंकलं की लघवी गळते, करंटचं मशीन ऑनलाइन मागवू का?

मशीनचं नंतर सांगते. "दोन बाळंतपणं झाली की हे चालायचंच असं सासूबाई म्हणतात," हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या जाऊबाई हेच म्हणायच्या. वर सल्ला, "पाणी कमी पी."

मी ऐकलं, मूर्खासारखी. मुलुंड ते सीएसएमटी रोजचा प्रवास, लोकलमध्ये संडास नाही, म्हणून सकाळचा चहासुद्धा सोडला. तरी एकदा घाटकोपरच्या पुढे गाडी रखडली, लेडीज डबा खच्चून भरलेला, मला खोकल्याची ढास लागली आणि सलवार ओली. पर्स मागे धरून दादरला उतरले, उलट्या गाडीने घरी. ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं. पाणी तोडलं की लघवी गडद होते, जळजळते, उलट घाई वाढते, हे फार उशिरा कळलं.

फिजिओने आत बोट घालून तपासलं तेव्हा आणखी एक कळलं. सहा महिने व्हिडिओ बघून मी करत होते ते केगल, म्हणजे लघवी रोखणारे स्नायू आवळायचा व्यायाम, नव्हतंच. वर ओढायचं सोडून खाली जोर देत होते! म्हणून करंट. बोटाएवढा प्रोब, म्हणजे करंट देणारी दांडी, योनीत, 50 हर्ट्झ (सेकंदाला 50 ठोके), वीस मिनिटं. काही सेकंद करंट, मग विश्रांती. दुखत नाही, मुंग्या येतात आणि स्नायू आपोआप आवळतो. तो नेमका कुठे आहे हे मला बावन्नाव्या वर्षी समजलं. तीन महिने सिटिंग घेतल्या, पण करंटसोबत स्वतःही आवळायचं असतं, आणि खरा फरक पुढे रोजच्या व्यायामाने पडला. ज्यांना आवळणं नीट जमतं त्यांनी मशीनवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत.

शिंकल्यावर गळतं म्हणजे तुमचं माझ्यासारखंच दिसतंय. नळाचा आवाज ऐकून लघवीला धावत सुटावं लागत असेल तर प्रकार वेगळा, त्याला करंटही साधारण 10 ते 20 हर्ट्झचा लावतात. तेव्हा आधी तपासणी.

आणि हो, पेसमेकर असेल, दिवस गेलेले असतील, आत इन्फेक्शन असेल किंवा कारण न कळता अंगावरून रक्त जात असेल, तर प्रोबला हात लावू नका.

पाणी मात्र प्या. जाऊबाई अजून लग्नाकार्याला निघताना सकाळपासून घोटभर पाणी घेत नाहीत. विचारलं तर म्हणतात, मला कुठे काय होतंय.