नऊ टेलिग्राम चॅनेल आणि ओळखीचं कुणीच नाही

पत्र आलंय ते थोडं कमी करून देते.

"मॅडम, मी नाशिकला बीएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर निफाड तालुक्यात, रोज एसटीने जाऊन-येऊन करते. बाबांची तीन एकर द्राक्षबाग आहे, थोडा माल एक्स्पोर्टला जातो. लिंक्डइन उघडलं की कुणी ना कुणी जॉईन झाल्याची पोस्ट असते आणि माझं काहीच ठरत नाही. नऊ जॉब टेलिग्राम चॅनेल जॉईन केलेत, करिअरच्या रील्स सेव्ह करून ठेवल्यात, पण रोज नवीन काहीतरी कळतं आणि कालचं चुकीचं वाटायला लागतं. बाबा म्हणतात वशिल्याशिवाय काही होत नाही आणि आपली कुणाशी ओळख नाही. मागच्या महिन्यात घरबसल्या डेटा एंट्रीच्या कामासाठी १,८०० रुपये रजिस्ट्रेशन भरलं, ते गेले. घरी सांगितलं नाहीये. सगळं सोशल मीडिया बंद करून टाकू का? आणि एमएससी करू की नोकरी बघू?"

अगं, आधी ते १,८०० रुपये. महिना झालाय, परत मिळतील असं खोटं सांगत नाही, पण तक्रार करच. १९३० नंबरवर फोन कर किंवा सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर टाक, पेमेंटचा ट्रान्झॅक्शन आयडी, त्यांचा नंबर आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेव, चॅट डिलीट करू नको लाज वाटते म्हणून. आणि बँकेलाही कळव. घरी सांग. ओरडतील थोडं, पण पुढच्या वेळी असा मेसेज आला तर दाखवायला कुणीतरी पाहिजे ना. असे फसलेले बीकॉमवाले, इंजिनिअर, एक तर बँकेतून रिटायर झालेले काका माझ्याकडे येऊन गेलेत, त्यामुळे तू काही वेगळी वेडी नाहीस.

आता एक गंमत सांगते. तुझे बाबा द्राक्षाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर असतील, नक्की असतील, निफाड-दिंडोरीत ज्याची बाग आहे आणि जो ग्रुपवर नाही असा माणूस मला तरी भेटला नाहीये. त्या ग्रुपवर रोज काय काय येतं, उद्या पाऊस आहे, डाउनीवर, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगावर, अमुक मारा, तमुक मार्केटला भाव तुटला. बाबा लगेच उठून स्प्रे बदलतात का? नाही बदलत. ते शेजारच्या बांधावर जातात, ज्याची छाटणी आपल्याच आठवड्यात झालीय त्याला विचारतात बाबा रे तू काय मारलंस, मग औषधाच्या दुकानात, मग एखाद्या जाणत्याला फोन. आणि नवीन व्यापारी माल मागायला आला की पहिला प्रश्न काय असतो? मागच्या सीझनला कुणाकुणाचा माल उचलला आणि पेमेंट कधी केलं. कारण माल उचलून पैसे न देता गायब होणारे व्यापारी आपल्या भागाने पुष्कळ बघितलेत, गोड बोलणं आणि चकचकीत व्हिजिटिंग कार्ड यावर आता कुणी माल देत नाही.

मग तू त्यांचीच लेक असून १,८०० रुपये एका अनोळखी नंबरला कसे पाठवलेस? टोमणा नाही मारत गं. बाबांना माहिती कुठून आली आणि कुणाकडून तपासायची हे दोन्ही कळतं, तुझ्याकडे फक्त पहिलं आहे. नऊ चॅनेल म्हणजे नऊ ठिकाणांहून येणारी तीच जाहिरात, एकाने टाकली की बाकीचे कॉपी करतात. त्यातलं खरं किती हे सांगणारा शेजारचा बांध तुझ्याकडे नाहीये, तुझी अडचण ती आहे. मोबाईल बंद करून ती सुटणार नाही, म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आहे.

बाबांचं 'वशिला' हे जे आहे त्याबद्दल मात्र त्यांच्याशी माझं जरा भांडण आहे. वशिला म्हणजे तुला काम येत नसताना कुणीतरी वरून फोन करून चिकटवणं. ओळख म्हणजे तुला काय येतं हे कुणाला तरी माहीत असणं. आपल्याकडे दोन्हीला एकच समजतात, आणि मग साधी सरळ पोरं ओळख काढायलाच लाजतात, आपण काहीतरी चुकीचं करतोय असं वाटतं त्यांना.

मीही त्यातलीच होते. शिक्षण संपल्यावर सातपूर-अंबडच्या कंपन्यांच्या गेटवर फिरून सीव्ही वाटलेत मी, चांगले साठेक, झेरॉक्सचे पैसे आईकडून घेऊन. वॉचमन घ्यायचा, रजिस्टरखाली ठेवायचा, संपला विषय. एकाही ठिकाणाहून फोन नाही. पहिली नोकरी लागली ती पंचवटी एक्स्प्रेसमुळे! तेव्हा एका कोर्ससाठी मुंबईला जायचे, डब्यात एक बाई असायच्या, पासवाल्या, दादरला उतरायच्या. आमची ओळख काय तर कसाऱ्याच्या घाटात डबा उघडायचा आणि एकमेकींची भाजी चाखायची. त्यांचं आडनावसुद्धा मला बरेच दिवस माहीत नव्हतं. त्यांनी एकदा सहज विचारलं तू नेमकं काय शिकतेस, मी सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात त्या एक नंबर घेऊन आल्या. माझ्या सख्ख्या मैत्रिणींना का नाही सुचलं हे? कारण मैत्रिणींना तेच माहीत होतं जे मला माहीत होतं, आम्ही सगळ्या एकाच कट्ट्यावर बसायचो ना.

यावर एक जुना अभ्यास आहे. १९७३ साली मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने लेख लिहिला, त्यात बोस्टनजवळच्या लोकांना ओळखीतून नोकरी लागली तेव्हा ती ओळख किती घट्ट होती हे विचारलं होतं. माणसं थोडीच होती, ५४. त्यातल्या फक्त ९ जणांची त्या माणसाशी नेहमी भेट व्हायची, ३० जणांची अधूनमधून, आणि १५ जणांची तर क्वचितच. म्हणजे नोकरीची खबर आणणारा बहुतेक वेळा जिवलग नसतो, तो आपला डब्यातला, लग्नात भेटलेला, मागच्या बॅचचा असा कुणीतरी असतो.

आता तू म्हणशील ते जुनं झालं, तेव्हा इंटरनेट नव्हतं. तर २०२२ मध्ये सायन्स या मासिकात लिंक्डइनच्याच डेटावर अभ्यास आला. 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून जी नावं दाखवतात ना, त्यात त्यांनी पाच वर्षं फेरफार करून बघितला, २ कोटींहून जास्त लोकांवर, आणि त्या लोकांना त्याचा पत्ताही नव्हता (यावरून नंतर वादही झाला, होणारच, आपल्याला कुणाची ओळख होणार आणि त्यातून कुठली नोकरी लागणार हे कुणीतरी मागे बसून ठरवतंय म्हटल्यावर). निघालं काय तर बऱ्यापैकी कच्च्या ओळखी नोकरी बदलायला जास्त उपयोगी पडल्या, पण अगदीच कच्च्या नाही. म्हणजे नुसतं कनेक्ट दाबून पाचशेचा आकडा केला आणि एकाशीही बोललं नाही तर त्याचा काडीचा फायदा नाही. अजून एक गोष्ट निघाली जी तुझ्या कामाची आहे. जिथे सगळं काम कॉम्प्युटरवर चालतं अशा क्षेत्रात कच्च्या ओळखी चालल्या, जिथे तसं नाही तिथे पक्क्या ओळखी जास्त चालल्या. तुझं क्षेत्र दुसऱ्यात मोडतं असं मला वाटतं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे लॅबचं सामान वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र, कुणी लॅपटॉपवरून चालवत नाही. त्यामुळे लिंक्डइनवर नाव सापडलं तरी त्या माणसाशी एकदा फोनवर बोलणं, शक्य झालं तर लॅबला जाऊन येणं, हे तुला चुकणार नाही.

आणि ते 'सगळे पुढे गेले' वालं. जॉईन झाल्याची पोस्ट सगळे टाकतात, अकरा ठिकाणी उत्तरच आलं नाही याची पोस्ट कोण टाकतं सांग मला? तुझ्या बॅचमधल्या ज्यांनी काही टाकलं नाही ते बहुतेक तुझ्यासारखेच एसटीत बसून दुसऱ्यांच्या पोस्ट बघतायत. यावर मी जास्त बोलत नाही, हे तुलाही माहितीये, फक्त रात्री साडेअकराला आठवत नाही इतकंच.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त रस वाटला तो अर्ध्या ओळीत, जी तू सहज लिहून गेलीस. थोडा माल एक्स्पोर्टला जातो. बाबांना विचार २०१० साली काय झालं होतं. द्राक्षात सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वेलीची वाढ आवरणारं औषध, त्याचे अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त सापडले, माल अडकला, कंटेनर परत फिरले, शेतकरी आणि एक्स्पोर्टर दोघं बुडाले. आणि दुखणं कुठे होतं माहितीये? ते औषध आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. बाग उत्तम, माल उत्तम, एक नाव यादीत नाही म्हणून सगळं मातीत. त्याच्या आधी, २००६ पासूनच, अपेडाचं, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेचं, ग्रेपनेट सुरू झालं होतं, म्हणजे प्लॉटची नोंदणी, लॅबने स्वतः येऊन सॅम्पल घ्यायचं, पास झालं तरच माल पुढे. माहितीवर अख्खा धंदा कसा उभा राहतो आणि कसा आडवा होतो हे तू लहानपणापासून अंगणात बघितलंयस, आणि तू मला विचारतेस मायक्रोबायोलॉजीत काय करू!

रेसिड्यूचं, म्हणजे मालातले औषधाचे अंश तपासायचं, काम मुख्यतः केमिस्ट्रीवाल्यांचं असतं हे खरं, मोठ्या मशीनवर त्यांनाच बसवतात. पण फूड टेस्टिंगच्या लॅबमध्ये मायक्रोचा सेक्शन वेगळा असतो, टोटल प्लेट काउंट (प्लेटवर वाढलेले जंतू मोजायचे), यीस्ट-मोल्ड, ई. कोलाय, पाणी तपासणी, हे तुमचं. शिवाय आपल्याकडे वायनरी आहेत, फळप्रक्रियेवाले आहेत, दिंडोरी-सिन्नरकडे फार्मा आहे, डेअरी आहे. सरकारीमध्ये अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या पात्रतेत मायक्रोबायोलॉजीची पदवी चालते, ती जाहिरात एमपीएससीच्या स्वतःच्या साइटवर बघायची, चॅनेलवर नाही. तुझ्या नऊ चॅनेलमधली आठ आजच सोड.

एमएससी की नोकरी, माझं मत विचारशील तर आधी वर्षभर लॅब. पदवीधर अप्रेंटिसशिपसाठी एनएटीएसच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप योजनेच्या, पोर्टलवर नाव नोंदव, पैसे कमी मिळतील पण हात बसेल. कारण आत्ता एमएससी कशात करायची हे तुला रील बघून ठरवावं लागेल, वर्षभर प्लेट्स मोजल्यावर तुला आपोआप कळेल की हे आवडतं की क्वालिटी अॅश्युरन्सच्या कागदपत्रात मन रमतं की हे नकोच, एमबीए परवडलं. घरची पैशाची तारांबळ नसेल आणि चांगल्या ठिकाणी अॅडमिशन मिळालं तर लगेच एमएससी करायलाही माझा विरोध नाही. फक्त 'बॅचमधल्या सगळ्या करतायत' म्हणून नको.

आता काम. लोकांना मेसेज करताना "रिस्पेक्टेड सर, एनी व्हेकन्सी फॉर फ्रेशर" असं लिहू नको, त्याला कुणी उत्तर देत नाही, कारण देण्यासारखं उत्तर 'नाही' हेच असतं. साधं मराठीत लिही. "नमस्कार मॅडम, मी बीएस्सी मायक्रोच्या तिसऱ्या वर्षाला आहे, घरची द्राक्षबाग आहे, त्यामुळे एक्स्पोर्टच्या टेस्टिंगबद्दल लहानपणापासून ऐकतेय. तुमच्या लॅबमध्ये नवीन मुलगी पहिले तीन महिने काय काम करते हे समजून घ्यायचंय, दहा मिनिटं फोनवर दिलीत तर बरं होईल." बस. नोकरी मागायची नाही, काम विचारायचं. कामाबद्दल बोलायला लोकांना आवडतं, आपल्याला कुणी विचारतच नाही ना कधी. दहा जणांना पाठवलास तर दोघं-तिघं बोलतील असा माझा अंदाज. जे बोलतील त्यांना महिन्याभराने कळव पुढे काय केलंस ते, तिथे ओळख कच्चीची जरा पक्की होते.

कुणाला पाठवू हे विचारायला परत पत्र लिहू नको, ते तुझ्या घरात आहे. बाबांच्या फाइलमध्ये, सोसायटीच्या पावत्या आणि सातबाऱ्याच्या मध्ये कुठेतरी, मागच्या सीझनचा लॅबचा रिपोर्ट असेल. त्यावर लॅबचं नाव असतं, पत्ता असतो आणि खाली सही करणाऱ्याचं नाव असतं. ते नाव लिंक्डइनवर शोध. रिपोर्ट सापडला नाही तर एक्स्पोर्टरच्या ज्या सुपरवायझरशी बाबांचं बोलणं असतं त्याला फोन लावायला सांग, पण जानेवारी ते मार्चमध्ये नको, तेव्हा त्या माणसाला जेवायला फुरसत नसते.