पाक, काटा आणि गोळी : वाचकांच्या प्रश्नांची उत्तरे

डिसेंबर संपत आला की येणाऱ्या पत्रांचा रोख चकली-करंज्यांवरून पाकाकडे वळतो. यंदा वड्या, हलवा, गोळ्या, जेली अशा निरनिराळ्या पदार्थांविषयी विचारणा झाली आहे. मात्र बहुतेक तक्रारी वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली : करणाऱ्याने प्रमाण नीट घेतले, घड्याळही पाहिले, परंतु या पदार्थात साखरेचा दाणा धरायला (म्हणजे विरघळलेली साखर पुन्हा दाणेदार व्हायला) हवा आहे की धरायला नको आहे, हे आधी ठरवलेले नव्हते.

प्रश्न : तिळगुळाच्या वड्यांसाठी मी दरवर्षी पाव किलो तीळ आणि पाव किलो गूळ असेच प्रमाण घेते. तरीही एका वर्षी वड्या बत्त्याने फोडाव्या लागतात, तर दुसऱ्या वर्षी त्या ताटातून सुटतच नाहीत. असे का होते? (कोथरूड)

उत्तर : आपले प्रमाण योग्यच आहे, परंतु गूळ हा साखरेसारखा वर्षभर एकसारखा मिळणारा जिन्नस नव्हे. त्यातील पाण्याचा अंश ढेपेगणिक बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षी पाच मिनिटांत झालेला पाक यंदा तीन मिनिटांतच पुढे जाऊ शकतो. शिवाय किराणा दुकानांत ‘चिक्कीचा गूळ’ म्हणून जो वेगळा गूळ मिळतो, तो नावाप्रमाणे कडक चिक्कीसाठीच घ्यावा. मऊ वडीसाठी साधा, हाताने फुटणारा गूळ चांगला. एका वर्षी आपल्याकडे हा आणि दुसऱ्या वर्षी तो गूळ आला असेल, अशी मला दाट शंका आहे.

पाकाची पारख गार पाण्याच्या वाटीतच करावी. गूळ एक चमचा तुपावर मंद आचेवर विरघळला आणि सर्वत्र बारीक फेस आला की त्याचा एक थेंब पाण्यात सोडावा. प्रथम तो तळाशी पसरतो. थोड्या वेळाने बोटांत धरून त्याची मऊ, दाबली जाणारी गोळी वळते. मऊ वडीसाठी येथेच थांबायचे. आणखी शिजवले की गोळी घट्ट होते, आणि त्याही पुढे गेल्यावर ती ताटलीवर टाकली असता टण् असा आवाज येतो व चावली तर दाताला न चिकटता काचेसारखी तुटते. तो चिक्कीचा पाक. या अवस्थांमध्ये अंतर फार थोडे असते, म्हणून एक पथ्य कटाक्षाने पाळावे : थेंब पाण्यात टाकण्यापूर्वी गॅस बंद करावा. आपण वाटीत बोटे घालून विचार करत असतो, तेवढ्या वेळात चालू गॅसवरचा पाक मऊ गोळीवरून कडक गोळीवर जाऊन पोहोचतो. बहुतेक घरांतल्या वड्या तेथेच बिघडतात.

चिकट राहिलेले मिश्रण पुन्हा कढईत घालून थोडे परतले की सुधारते. कडक झालेल्या वड्यांचे तुकडे दोन-तीन चमचे पाण्याबरोबर गरम केल्यास पाक सैल होतो खरा, पण तिळाचा खमंगपणा बराचसा जातो. माझ्या मते अशा वड्या खलबत्त्यात कुटून त्यात दाण्याचे कूट मिसळावे आणि लाडू वळावेत.

प्रश्न : मी मुद्दाम थर्मामीटर विकत घेतला. पुस्तकात दिलेले अंश काटेकोरपणे पाळूनही प्रत्येक पदार्थ अपेक्षेपेक्षा कडक होतो. उपकरण सदोष आहे का? (बाणेर)

उत्तर : उपकरण बहुधा निर्दोष आहे, पुस्तक समुद्रसपाटीवर लिहिलेले आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने येथे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंश सेल्सिअसला उकळते. पाकाचे तापमान हे वस्तुतः त्यात किती पाणी उरले आहे याचे माप असते. एकतारीच्या (दोन बोटांत ताणल्यावर एक तार निघते त्या अवस्थेच्या) सुमारास पाकात साधारण ८० टक्के साखर असते, मऊ गोळीला ८५ टक्क्यांच्या आसपास, तर कडक, काचेसारख्या गोळीला जवळजवळ ९९ टक्के. पाणीच दोन अंश आधी उकळत असेल, तर या साऱ्या अवस्थाही दोन अंश आधी येतात. मऊ गोळीसाठी पुस्तकात ११२ ते ११६ अंश दिलेले असल्यास आपण ११० ते ११४ धरावेत. कडक गोळीचे १५० अंश येथे १४८ होतात.

हे गणित तोंडी करण्यापेक्षा प्रत्येक वेळी आधी पातेल्यात साधे पाणी खळखळ उकळून थर्मामीटर काय दाखवतो ते पाहावे आणि १०० पेक्षा जितके अंश कमी येतील तितके पुस्तकातल्या आकड्यातून वजा करावेत. त्यामुळे उपकरणात लहानसा दोष असला तरी तोही भरून निघतो. थर्मामीटरचे टोक पातेल्याच्या तळाला टेकू देऊ नये. (सिंहगडावर जाऊन चिक्की करण्याची कोणाला हौस असल्यास चार अंशांहून अधिक वजा करावे लागतील.)

प्रश्न : नव्या सुनेची पहिली संक्रांत आहे. दागिने तुळशीबागेतून तयार आणता येतील, पण वाटण्यापुरता हलवा घरी करावा अशी इच्छा आहे. मागे दोनदा प्रयत्न केला. एकदा दाणे नुसते पांढरे आणि गुळगुळीत झाले, तर दुसऱ्यांदा सगळ्याचा गोळा झाला. काटा कसा आणावा? (सदाशिव पेठ)

उत्तर : हलव्यात आपल्याला दाणा धरायला हवा आहे, आणि तोही सावकाश. ही एक गोष्ट मनात पक्की केली की पुढचे सारे नियम आपोआप समजू लागतात.

एक वाटी साखरेत अर्धी वाटी पाणी घालून उकळी आणावी, चमचाभर दूध घालून वर येणारी मळी काढून टाकावी आणि पाक गाळून घ्यावा. तो एकतारीपेक्षा पातळच असावा. मळी काढण्यासाठी काही जण लिंबू पिळतात. मी ते टाळते, कारण आंबटपणामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात आणि ती दोन्ही दाणा धरण्याच्या आड येतात. आत घालायला तीळ, खसखस किंवा साबुदाणा काहीही चालते. प्रथमच करणाऱ्याने तीळ घ्यावेत, कारण खसखशीचा जीव फार लहान असल्याने धीर सुटतो.

जाड बुडाची परात किंवा पसरट कढई अगदी मंद आचेवर ठेवावी. ती इतपतच तापावी की हाताची बोटे तीत सतत फिरवता आली पाहिजेत. पूर्वी यासाठी कोळशाची शेगडी विझत आल्यावर वापरत. आज गॅसवर तवा ठेवून त्यावर परात ठेवली तर जवळपास तशीच आच मिळते. भाजलेल्या तिळांवर पाकाचा एकच लहान चमचा सोडावा आणि बोटांच्या टोकांनी दाणे अलगद फिरवत राहावे. आधी ते ओले होऊन एकमेकांना बिलगतात, मग बोटांखाली किंचित खरखर जाणवू लागते आणि दाणे सुटे होऊन कोरडे, पांढरट दिसतात. ही खरखर जाणवल्याशिवाय दुसरा चमचा घालायचा नाही. आपला गोळा झाला तो याच घाईमुळे असावा.

गुळगुळीत दाण्यांचे कारण निराळे आहे. पाक एका वेळी जास्त पडला की तो प्रत्येक दाण्यावर सारखा पसरतो आणि वर साखरेचे सपाट कवच चढते. पाक थोडा असला तर तो जागोजागीच लागतो, तेथे लहान उंचवटे राहतात आणि पुढचा प्रत्येक थर त्या उंचवट्यांना आणखी वर नेतो, तोच काटा. पहिले पंधरा-वीस थर काहीच दिसत नाही, त्यामुळे निराश होऊ नये. एका बैठकीत हलवा पुरा होत नाही. रोज तास-दीड तास याप्रमाणे तीन-चार दिवस धरून चालावे आणि मध्यंतरी परातीवर पातळ कापड झाकून ठेवावे. तळाशी साठणारी साखरेची भुकटी रोज चाळून काढावी, नाहीतर पाक दाण्यांऐवजी तिलाच लागतो.

वेळ पहाटेची घ्यावी. जानेवारीतल्या पुण्याच्या कोरड्या थंडीत थर झटकन वाळतो. त्याच घरात, त्याच हातांनी ढगाळ हवेत केलेल्या हलव्याला काटा नीट येत नाही. माझ्या आजेसासूबाई आकाशात ढग दिसले की परात उचलून ठेवत आणि त्या दिवशी तिळाचे कूट करायला बसवत.

हा हलवा पुढे बोरनहाणासाठी वापरणार असाल तर एक सूचना : बाळ लहान असेल तर त्याच्या डोक्यावरून ओतल्या जाणाऱ्या बोरे-चुरमुऱ्यांत टणक हलवा आणि गोळ्या मिसळू नयेत. खाली पडलेला दाणा मूल क्षणात तोंडात घालते आणि तो घशात अडकू शकतो.

प्रश्न : मुलीच्या हट्टापायी घरी लिमलेटच्या गोळ्या केल्या. सकाळी छान कडक होत्या, संध्याकाळी एकमेकींना चिकटल्या. एकदा तर पातेल्यातच सगळी साखर पुन्हा दाणेदार झाली. (हडपसर)

उत्तर : येथे हलव्याच्या नेमके उलट आहे, दाणा अजिबात धरता कामा नये. साखर विरघळेपर्यंत ढवळावे आणि एकदा उकळी आली की चमचा बाजूला ठेवावा. पातेल्याच्या कडेला उडालेले शिंतोडे ओल्या ब्रशने पुसून घ्यावेत, कारण कडेवरचा वाळलेला एक कण आत पडला तरी त्याच्याभोवती सारा पाक दाणे धरू लागतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी कडेला लागलेली साखर मोठ्या काटकसरीने चमच्याने खरवडून आत ढकलली होती. मिनिटभरात पातेल्यात गोळ्यांचा पाक नव्हे, ओल्या वाळूसारखा ढीग उरला.

२०० ग्रॅम साखरेला ६० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि ८० मिलिलिटर पाणी घ्यावे. लिक्विड ग्लुकोज बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळते आणि तेच दाणा धरू देत नाही. येथील १४८ अंशांपर्यंत पाक आणून गॅस बंद करावा, बुडबुडे बसू द्यावेत आणि त्यानंतरच अर्धा लहान चमचा सायट्रिक ॲसिड, रंग व अर्क घालावा. आपण सायट्रिक ॲसिड बहुधा सुरुवातीलाच घातले असावे. ते पाकाबरोबर इतका वेळ उकळले की साखर प्रमाणाबाहेर फुटते, आणि अशी साखर हवेतली ओल ओढून घेते. मग गोळ्या पाघळणारच. त्यात पावसाळा असेल तर विचारूच नका. गोळ्या गार होताच एकेक कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.

हा पाक उकळत्या पाण्याहून पन्नास अंश अधिक तापलेला असतो आणि त्वचेला चिकटून बसतो. मुलीला गोळ्या गुंडाळण्याचे काम द्यावे, ओतण्याचे नव्हे. चुकून थेंब हातावर पडलाच तर लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरावा आणि वीसेक मिनिटे धरून ठेवावा.

प्रश्न : आमच्याकडे जिलेटिन चालत नाही. चायना ग्रासची जेली केली, पण लिंबाची जेली नीट धरली नाही. अननसाची तर करूच नका, असे शेजारीण म्हणते. (पिंपळे सौदागर)

उत्तर : अननसाबद्दलची सूचना जिलेटिनपुरती खरी आहे. ताज्या अननसात प्रथिने तोडणारे विकर असते आणि जिलेटिन हे प्रथिनच असल्यामुळे त्याची जेली धरत नाही. चायना ग्रास, म्हणजे अगर-अगर, समुद्री शेवाळापासून करतात आणि ते प्रथिन नाही. त्यामुळे अननसाची जेली आपण निर्धास्तपणे करावी. लिंबाचे मात्र जपावे लागते. चायना ग्रास आंबट रसात उकळले की त्याची घट्ट धरण्याची शक्ती कमी होते, म्हणून ते साध्या पाण्यात पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे, त्यात साखर घालावी आणि लिंबाचा रस गॅस बंद केल्यावर मिसळावा. ओतण्यात फार वेळ घालवू नये. ही जेली फ्रिजशिवाय, ओट्यावरच धरू लागते.

प्रश्न : ओल्या नारळाच्या वड्या साखरेऐवजी गुळाच्या केल्या आणि त्यात दूध घातले, तर दूध फाटले. गुळाच्या वड्या घरातल्या मधुमेही व्यक्तीला चालतील का? (सहकारनगर)

उत्तर : गूळ किंचित आंबट असतो आणि त्यात क्षारही असतात, त्यामुळे दोन्ही गरम असताना दूध फाटते. या वड्यांना दुधाची गरजही नाही. खोबरे आणि गूळ परतत राहावे, मिश्रण कढईची कड सोडू लागले की थापावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो, आणि त्याचा रंग तपकिरी असल्याने रक्तातल्या साखरेला काही फरक पडत नाही. किती खावे हे त्या व्यक्तीच्या डॉक्टरांनाच विचारावे.

प्रश्न : पातेल्याच्या तळाशी दगडासारखा बसलेला पाक कसा काढावा? सुरीने खरवडून पातेले खराब झाले. (धनकवडी)

उत्तर : खरवडू नये. पातेले पाण्याने अर्धे भरून, पाकाने माखलेले चमचे आणि झारेही त्यातच टाकून दहा मिनिटे उकळावे. सगळे आपोआप विरघळते. पाक जळलेला नसेल, तर तेच गोड पाणी गाळून दुसऱ्या दिवशीच्या शिऱ्याला वापरावे.