साखर हा शब्द अरबांनी आणला का?

दाभोळच्या एका वाचकांनी विचारलंय, की 'साखर' हा शब्द अरबी 'सुक्कर'वरून आला असं त्यांच्याकडे सगळे सांगतात, अरबांची जहाजं दाभोळ-चौलला लागायची, साखरही त्यांनीच आणली असणार, तर हे खरं का.

अजिबात नाही, शब्द इथून तिकडे गेलाय. संस्कृतात 'शर्करा' म्हणजे आधी रेव, बारीक खडे. ऊस मूळचा न्यू गिनीचा, पण रस आटवून त्याचे दाणे पाडायची युक्ती आपल्याकडची, गुप्तकाळापर्यंत ती चांगली बसली होती, आणि दाणे खड्यांसारखे दिसतात म्हणून त्यांनाही तेच नाव. पालीत त्याचं झालं 'सक्खरा', आणि मग जोडाक्षर सुटलं की आधीचा स्वर लांब होतो (सप्त, सत्त, सात) तसं सक्खराचं साखर. सुक्करवरून आला असता तर तो 'उ' कुठे गेला आणि हा 'ख' कुठून आला? गोव्याकडे साकर म्हणतात, ख नाही, पण लांब 'सा' तिथेही आहेच.

हाच 'ख' ग्रीकमध्येही दिसतो, साक्खारोन. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य दिओस्कोरिदेस लिहितो की भारतात नि अरबस्तानात बोरूमध्ये घट्ट मध मिळतो, मिठासारखा दाताखाली फुटतो. म्हणजे अरबी सुक्कर युरोपात पोचायच्या कितीतरी आधी आपला शब्द तिथे पोचलेला, सॅकरिन त्यातूनच आलं.

अरबांचं श्रेय वेगळं आणि ते मोठं आहे. इराणात शकर, तिथून अरबीत सुक्कर, आणि अरबांनी ऊस इजिप्त, सिसिली, स्पेनपर्यंत लावला, म्हणून इंग्रजी शुगर, फ्रेंच सुक्र ही सगळी नावं सुक्करची पोरं. पोर्तुगीजांनी तर 'असुकार' घेताना अरबी 'अल्' (इंग्रजी 'द'सारखा) सुद्धा चिकटवून घेतला. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट इथेच आहे, हेच पोर्तुगीज 1498 नंतर केरळच्या किनाऱ्यावर आले, तिथे गुळाला 'चक्कर' म्हणतात, तोही शर्कराच, त्याचं त्यांनी केलं 'जागरा' आणि इंग्रजीत झालं जॅगरी. एकच शब्द एका भाषेत दोन वाटांनी शिरला, एक अरबस्तान-स्पेन फिरून, दुसरा सरळ आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून.

पुढचा प्रवास वाईट आहे. कोलंबसने 1493 च्या सफरीत ऊस कॅरिबियनला नेला, मग तिथे नि ब्राझीलमध्ये मळ्यांसाठी आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम करून नेली, साखर स्वस्त झाली ती त्यांच्या जिवावर, आणि शब्दाचा इतिहास सांगताना हे गाळणं मला बरोबर वाटत नाही. मॉरिशसमध्ये 1835 ला गुलामगिरी बंद झाली, मळ्यांवर माणसं कमी पडली, तेव्हा करारावर जी हिंदुस्थानी माणसं नेली त्यात रत्नागिरीकडची, म्हणजे आपलीच, बरीच होती, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. तिथल्या क्रिओल बोलीत साखरेला 'दिसिक' म्हणतात, फ्रेंच 'द्यू सुक्र'वरून, म्हणजे घरून साखर म्हणत गेलेली ही माणसं तिथे दिसिक म्हणायला शिकली, तोही तोच शब्द, फक्त इराण, अरबस्तान नि फ्रान्स फिरून आलेला.